पलंगावरून गेलेली हद्द

बाईंच्या भाचीने मला त्यांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका, मावशी गेल्याचं कळलंच असेल. तुम्ही इतकी वर्षं तिच्याबरोबर होतात. चार ओळी लिहून द्या, सगळ्यांचं एकत्र करून छापणार आहोत.’

फोटो पाहिला आणि माझी पंचाईत झाली. मला त्या ओळखूच येईनात. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. शेवटी फोन जरा तिरका धरला, तेव्हा कुठे गालाचा उंचवटा ओळखीचा वाटला. कारण साधं आहे. मी नोंदणी कार्यालयाच्या गाडीचा ड्रायव्हर आणि बाई शेजारच्या सीटवर. मी त्यांना कायम एका बाजूनेच पाहिलं. समोरून म्हणाल तर गाडी बंद पडायची तेव्हा, आरशात, मागून धक्का मारताना. पण ढकलताना माणूस जसा दिसतो, तसा फोटोत दिसत नाही.

तेव्हा मला बाई अर्ध्या माहीत होत्या असं म्हटलं, तरी ते जास्तच होईल. त्यांचं लग्न झालं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारावं असं पुष्कळदा वाटलं, पण तेवढ्यात कुठला तरी दवाखाना यायचा. त्यांना चहा आवडायचा की माझ्याबरोबर म्हणून प्यायच्या, तेही सांगता यायचं नाही. भाचीला मी तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, ‘बरं, मग निदान त्या पलंगाचं तरी लिहा.’ पलंगाचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून लिहितो. चुकलं तर भाचीने खोडावं.

सगळ्या दवाखान्यांत त्यांना मोजणीबाई म्हणत. आमचं कार्यालय जिल्ह्यात जन्मणाऱ्या बाळांमधल्या जन्मजात दोषांची नोंद ठेवायचं. कुणाचा ओठ दुभंगलेला, कुणाच्या हृदयाला भोक, कुणाच्या पाठीचा कणा नीट मिटलेला नाही, असं सगळं. एखाद्या वर्षी एखादी गोष्ट अचानक वाढली तर वेळेवर कळावं आणि ज्या बाळाला उपचार हवेत त्याला ते लवकर मिळावेत, हा त्यातला हेतू. इतर जिल्ह्यांतले लोक टेबलाशी बसून दवाखान्यांकडून माहिती मागवत. बाई स्वतः जाऊन बाळं बघत.

बाळ बघायची त्यांची रीत ठरलेली होती. डोक्यापासून सुरुवात, टाचेला शेवट, मधलं काही सोडायचं नाही. आधी बाळाला सांगत, “नमस्कार साहेब, तपासणी आहे.” मुलगी असली तर “नमस्कार मॅडम.” मग डोळे, कान, टॉर्च लावून तोंडाच्या आतलं, हाताची बोटं, पाठ, पाय. साहेब लोक बहुधा तपासणी अर्ध्यावर आली की बाईंच्या पांढऱ्या कोटावर आपला अभिप्राय देत. त्यामुळे आमच्या मागच्या सीटवर एक कोट कायम वाळत असे. आमची गाडी पाहून लोकांना ती लाँड्रीची वाटे. एकदा एका गृहस्थाने खिडकीतून आत पँट टाकली आणि म्हणाला, “परवापर्यंत झाली तरी चालेल.”

ही बघायची सवय दवाखान्याबाहेर आली तरी थांबत नसे, एवढाच काय तो त्रास. चहाच्या दुकानात एकदा बाई बाकावरून पुढे वाकून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, ओठाला साय लागली असेल. मी तोंड पुसलं. तरी बघतातच आहेत.

“भाऊ, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली बसलाय.”

मी घाबरून कान धरला.

“घाबरू नका हो. नोंदवण्यासारखं नाही.”

हे ऐकून बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौकातल्या पुतळ्याच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत, हे अख्ख्या गावात त्यांच्या एकटीच्या लक्षात आलं होतं. मी गमतीने म्हटलं, “मग घ्यायचं का नोंदवून?” त्यांनी खरंच विचार केला. म्हणाल्या, “नवजात नाही, भाऊ.”

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला बरेच दिवस कळत नव्हती. आमच्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकाही बाळंतपणाला येत. त्यांची बाळं बाई बघत, लाड करत, कोट ओले करून घेत आणि मोजत मात्र नसत. आपल्या जिल्ह्यातली एखादी लांब माहेरी बाळंत झाली, तर तिच्या बाळासाठी फोनवर फोन. मी विचारलं, “समोरचं सोडून लांबचं का धरता?”

“समजा तुम्हाला काढायचंय की या बसमधल्या दर शंभर माणसांत टकले किती. तर बसमधलेच टकले मोजायचे ना? स्टॉपवर उभा असलेला टकला कितीही छान असला तरी तो घ्यायचा नाही. आणि बसमधला टकला खाली उतरून पान खायला गेला असला, तरी त्याला सोडायचं नाही. नाहीतर शंभरातले किती, याला अर्थ काय राहिला?”

मला चटकन कळलं. नंतर मी बरेच दिवस टोपी घालून गाडी चालवली.

आई ज्या जिल्ह्यात राहते, त्या जिल्ह्याचं बाळ. प्रत्येक बाळ एकदाच मोजायचं. शून्य वेळा नाही, दोन वेळा नाही. हा बाईंचा हट्ट होता. देवधर्माचं त्या काही करत असतील तर मला माहीत नाही, पण हे वाक्य त्या तशाच सुरात म्हणत.

शेजारच्या जिल्ह्याच्या नोंदणीवर एक साहेब होते. अंगावर एक सुरकुती नसायची, रुमालालासुद्धा चार सरळ घड्या. आम्ही गाडीत त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो. बाईंची आणि त्यांची फोनवर रोज देवाणघेवाण चाले. “साहेब, तुमचं एक बाळ आमच्याकडे आलंय, लिहून घ्या.” “बाई, मागच्या आठवड्यातलं आमचं म्हणून पाठवलंत ते तुमचंच आहे, परत घ्या.” कुणी नुसतं ऐकलं असतं तर पोलिसांना कळवलं असतं. भांडत खूप, पण एकमेकांना कधी अरेतुरे केलं नाही. इस्त्रीसाहेब समोरासमोर भांडतानाही आवाज चढवत नसत, नुसती रुमालाची आणखी एक घडी घालत. रुमाल सुपारीएवढा झाला की बाई ओळखत, आता माणूस चिडलाय.

अशात सुताराचं बाळ जन्मलं.

मुलगा. वजन चांगलं, आवाज सुताराच्या रंध्यासारखा खरखरीत. फक्त दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे तोंड करून, जणू आपसात काही ठरवताहेत. त्याची आई रडून रडून सुजली होती. बाईंनी बाळाला नमस्कार करून टाचेपर्यंत सगळं पाहिलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

“रडू नकोस. हे पाय सरळ होतात. दर आठवड्याला थोडे थोडे वळवून प्लास्टर घालतात, मग काही दिवस बूट. पळायला लागला की तूच म्हणशील, बरे होते वाकडे, घरात तरी बसायचा.”

आई रडता रडता हसली. बाईंनी पुढचंही सांगितलं. पायांच्या दवाखान्यात नवीन बाळं महिन्याच्या पहिल्या बुधवारीच घेतात. तो बुधवार चुकला तर महिनाभर थांबावं लागेल. बाळाचा पाय आज लोण्यासारखा मऊ आहे, तो दिवसागणिक घट्ट होत जातो. म्हणून हाच बुधवार गाठायचा. आणि तिथे पाळी लागायला आमच्या कार्यालयाचा नोंदणी क्रमांक लागतो.

“तो मी आज देते,” बाई म्हणाल्या. “घर कुठे तुझं?”

तिने पत्ता सांगितला आणि बाईंचा चेहरा उतरला. घर जिल्ह्याच्या हद्दीवर होतं. म्हणजे हद्दीजवळ नाही, हद्दीवर.

आमच्या कार्यालयाच्या प्रमुख डॉक्टरसाहेबांनी पत्ता पाहिला आणि म्हणाले, “हे पलीकडचं.” वर पाठवायच्या आकड्यात एक जरी भर पडली तरी त्यांना मुख्यालयाला खुलासा लिहावा लागायचा आणि खुलासा लिहायचा म्हटलं की त्यांचं पोट बिघडायचं. पलीकडच्या डॉक्टरांनी पत्ता पाहिला आणि म्हणाले, “हे अलीकडचं.” त्यांच्या पोटाचं मला माहीत नाही. शेवटी ठरलं की बाई आणि इस्त्रीसाहेब यांनी जागेवर जाऊन काय ते ठरवावं.

सोमवारी सकाळी आम्ही सुताराच्या घरी पोचलो. पुढे त्याचं काम करायचं दालन, मागे एका बाजूला स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली. त्या खोलीत पलंग. पलंगच. दुसरं काही मावायला जागाच नव्हती. सुताराने तो लग्नाच्या वेळी त्या खोलीतच बसून बनवला होता. खाली खण, उशाला कपाट, पायथ्याला कोरलेले मोर. झाल्यावर लक्षात आलं की तो दारातून बाहेर निघत नाही. मग त्याने तो भिंतीला स्क्रूने पक्का करून टाकला, म्हणजे तसाच विचार होता असं वाटावं.

इस्त्रीसाहेब खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, “घर कुठल्या जिल्ह्याला कर देतं?”

“पाणी या जिल्ह्याचं, वीज त्या जिल्ह्याची,” सुतार म्हणाला. “मतं मागायला दोन्हीकडचे येतात. काम सांगितलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.”

हद्दीचा एक दगड घरासमोर नळापाशी होता, दुसरा मागच्या भिंतीपलीकडे. सुताराकडे फळीवर सरळ रेघ मारायचं सूत होतं, खडूची पूड लावलेलं. बाई म्हणाल्या, “ते बांधा या दगडाला आणि घ्या घरातून पलीकडच्या दगडापर्यंत.” सूत पुढच्या खिडकीतून आत शिरलं, दालनाच्या कोपऱ्यातून पलंगाच्या बरोबर मध्यावर आलं आणि त्याच खोलीच्या मागच्या खिडकीतून बाहेर पडलं. पलीकडचं टोक मी धरलं होतं. दालन जवळजवळ सगळं त्या जिल्ह्यात, स्वयंपाकघर आमच्यात आणि पलंग अर्धा अर्धा. उशी त्यांची, मोर आमचे.

बाळाची आजी हे सगळं ओठ मुडपून बघत होती. सूत ताणून झाल्यावर ती आली आणि तिने त्यावर बाळाचं ओलं दुपटं वाळत घातलं.

“आजी, ती जिल्ह्याची हद्द आहे,” इस्त्रीसाहेब म्हणाले.

“मग जिल्ह्याने दुपटं धुवून द्यावं,” आजी म्हणाली आणि आत गेली.

पुढे जे झालं ते मी सूत धरून खिडकीतून ऐकलं. सोडलं तर हद्द सरकली असती.

“प्रश्न एवढाच,” इस्त्रीसाहेब म्हणाले, “की बाळाची आई झोपते कुठे. राहण्याचं ठिकाण म्हणजे झोपण्याचं ठिकाण.”

“पलंगावर झोपते,” सुतार म्हणाला. “दुसरीकडे कुठे झोपणार? जागा कुठाय?”

“डोकं कुठल्या बाजूला?” बाईंनी विचारलं.

“आधी उशीकडे. नंतर मोरांकडे.”

“नंतर म्हणजे?”

“पोट दिसायला लागल्यावर. मी घोरतो म्हणून ती फिरली.”

मग इस्त्रीसाहेबांच्या रुमालाची एक घडी वाढली. “म्हणजे गरोदरपणाचा पहिला भाग आमच्याकडे.”

“आणि जन्माच्या वेळी आमच्याकडे. जन्माच्या वेळचं धरतात, साहेब.”

“डोकं तुमच्याकडे असेल, बाई. पाय आमच्याकडे होते.”

“पायावरून माणूस कुठला ते ठरवणार का तुम्ही?”

“बाळाच्या पायाचीच नोंद आहे, म्हणून म्हटलं.”

“आणि पोट?” बाई म्हणाल्या. “बाळ डोक्यात नव्हतं, पायात नव्हतं. पोट कुठे होतं?”

तिघांनी सुताकडे पाहिलं. पोट बरोबर सुताखाली होतं.

सुतार बिचारा एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. “म्हणजे इतके महिने आम्ही एका पलंगावर दोन जिल्ह्यांत झोपत होतो?” तो म्हणाला. “तरीच माझं बोलणं तिला ऐकू जात नव्हतं.”

आतून बाळ रडायला लागलं. त्याची आई त्याला घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. पायांवर कापड गुंडाळलेलं होतं. तिने एवढंच विचारलं, “बुधवारी जायचं ना?”

दोघांनीही खाली पाहिलं. इस्त्रीसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि या वेळी घडी घातलीच नाही. निर्णय न होता आम्ही निघालो.

रस्त्यात एका दुकानात बाहुल्या टांगलेल्या होत्या, बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग म्हणाल्या, “भाऊ, कार्यालयात घ्या.” आत गेल्या, थोड्या वेळाने बाहेर आल्या.

“आपलं म्हणून टाकलं.”

“इस्त्रीसाहेबांना सांगितलं?”

“सांगितलं तर ते वाद घालतील.”

“घालू देत की.”

“आणि वाद घालून बरोबर ठरले तर?”

मी गाडी सुरू केली. बाई मोजल्याच्या आनंदात होत्या आणि थोड्या चोरासारख्याही वाटत होत्या. त्यांनी मला चहा पाजला. साखर दोनदा घालून घेतली.

बुधवारी सकाळी पायांच्या दवाखान्यात आम्ही पोचलो, तेव्हा दारात इस्त्रीसाहेबांची गाडी उभी. आत सुतार, त्याची बायको, बाळ आणि आजी बाकावर. इस्त्रीसाहेब खिडकीशी. बाईंना पाहून ते दचकले. बाईही दचकल्या.

“तुम्ही इथे कसे?” बाईंनी विचारलं.

“सहज,” इस्त्रीसाहेब म्हणाले. “म्हणजे आमचं बाळ आहे.”

“तुमचं?”

“सोमवारी संध्याकाळी मी ते आमच्यात घेतलं. बाळाची आई तशी विचारत होती… तुम्हाला सांगणार होतो. पण तुम्ही वाद घातला असता.”

बाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात खिडकीतली सिस्टर म्हणाली, “या बाळाला क्रमांकच नाहीये. वरून दोन्ही रद्द होऊन आलेत. एकच आई, एकच तारीख, तेच पाय, जिल्हे दोन. समोर लिहिलंय, ‘दुबार’.”

“दुबार म्हणजे?” आजी उठली.

“म्हणजे आजी, हे बाळ दोनदा मोजलं गेलं.”

“दोनदा? म्हणजे कागदावर मला दोन नातू आहेत?”

“होते. आता एकही नाही.”

“हा हातात आहे तो काय आहे मग?” आजीने बाळ खिडकीसमोर धरलं. बाळाने सिस्टरकडे पाहून जांभई दिली. “एक होता त्याचे दोन केले, दोनाचे शून्य केले! शाळेत गेला होतात का तुम्ही दोघं?”

सगळ्या आया मान वळवून बघायला लागल्या. आयुष्यभर एकच हट्ट धरलेली बाई त्या दिवशी स्वतःच्या हाताने दोन वेळाही आणि शून्य वेळाही करून बसली होती. मी त्यांना एका बाजूने पाहत होतो. कान लालबुंद झाला होता.

“एकाने मागे घ्या, मी पाळी लावते,” सिस्टर म्हणाली. “पण कारण लिहावं लागेल. आणि डॉक्टर दुपारी निघतात.”

“साहेब, तुम्ही घ्या मागे.”

“घेतो. कारण काय लिहू? ‘पोट सुताखाली होतं’ असं लिहू? तुम्ही घ्या.”

“मीही घेते. कारण सांगा.”

म्हणजे आता दोघंही मागे घ्यायला तयार झाले होते, त्यामुळे पंचाईत दुप्पट झाली. तिकडे एकेका बाळाला आत बोलावत होते. सुतार हाताची नखं खात होता. त्याची बायको मात्र नुसती बाळाची पावलं तळहातात धरून बसली होती, जणू ती गरम राहिली तर मऊ राहतील.

बाईंनी मुख्यालयात फोन लावला. तिकडे कुणी एक मॅडम होत्या, जेवणाच्या घाईत असाव्यात. बाईंनी त्यांना पलंग, मोर, सूत, उशी, घोरणं, सगळं सांगितलं. मधूनमधून इस्त्रीसाहेब फोनजवळ तोंड नेऊन “पहिल्या भागात डोकं आमच्याकडे होतं” असं घालत. ऐकून झाल्यावर तिकडून आवाज आला, तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

“आई काय म्हणते? कुठे राहते म्हणते?”

बाई थांबल्या. इस्त्रीसाहेबांकडे पाहिलं. इस्त्रीसाहेबांनी छताकडे पाहिलं.

“विचारलंत ना तिला?”

“पत्ता विचारला होता,” बाई म्हणाल्या.

“पत्ता नाही हो. राहतेस कुठे, ते. नियमात पहिलं तेच आहे. झोपण्याचं वगैरे नंतरचं, आई सांगू शकत नसेल तर. मी जेवायला जाते.”

बाई बाकापाशी गेल्या, खाली बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “बाळा, तू राहतेस कुठे?”

“मी?” ती गोंधळली. “स्वयंपाकघरात.”

“काय?”

“स्वयंपाकघरात राहते मी. त्या खोलीत उभं राहायला जागा नाही, बाहेर भुसा उडतो. दिवसभर मी तिथेच असते. शिवण तिथे, याचा झोका तिथे. झोपेपुरती जाते पलंगावर, तेही याने झोपू दिलं तर.”

“म्हणजे आम्ही तुला चुलीला बांधून ठेवलंय, असं सांगतेस का चारचौघांत?” आजी कडाडली.

“तसं नाही आई, तिथे खिडकी आहे.”

“खिडकी आहे म्हणे! मी काय भिंतीकडे तोंड करून बसते?”

“तुम्हीही तिथेच असता की, आई.”

आजी थांबली. “ते खरंय,” ती म्हणाली. “त्या पलंगाने सगळी जागा खाल्ली. मी तेव्हाच सांगितलं होतं याला.”

सुताराने नखं खायची थांबवली. “मोर चांगले आलेत पण,” तो हळूच म्हणाला.

स्वयंपाकघर पूर्ण आमच्या जिल्ह्यात होतं. इस्त्रीसाहेबांनी खिशातून पेन काढलं, उभ्या उभ्या लिहून दिलं, ‘आई स्वयंपाकघरात राहते असे तिने सांगितले, सबब नोंद मागे घेत आहे,’ आणि सही केली. मग बाळाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “दोन दिवस का होईना, आमचा होता,” ते म्हणाले. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते कोटात दाबलं.

क्रमांक आला. बाळ आत गेलं. दाराच्या फटीतून आम्हाला एवढंच दिसलं, की प्लास्टरवाले डॉक्टर मऊ पट्ट्या गुंडाळताहेत आणि आजी त्यांना कसं गुंडाळायचं ते सांगतेय. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना मांडीपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर होतं, आणि तो त्यानेच आईच्या हातावर ठोसे मारत होता.

पुढे दर आठवड्याला ते प्लास्टर बदललं. मी काही वेळा त्यांना आणायला गेलो, कारण बाई म्हणायच्या, “आपलंच आहे ते.” शेवटी बूट आले, दोन बुटांमध्ये एक पट्टी. पट्टीचे स्क्रू सुताराने लगेच तपासले आणि एक आवळून दिला.

आमच्या डॉक्टरसाहेबांना खुलासा लिहावा लागला आणि त्यांचं पोट बिघडलं. मुख्यालयाने बाईंनाही खुलासा विचारला. त्यांनी तो इतका लांबलचक पाठवला, आकृतीसह, मोर काढून, की तिथल्या लोकांनी ठरवलं, हद्दीवरच्या घरांचे नियम याच बाईंनी लिहावेत. इस्त्रीसाहेबांनाही बोलावलं. ही बढती होती की शिक्षा, हे कुणालाच कळलं नाही. दोघंही एका टेबलाशी बसणार, हे ऐकून मला त्या टेबलाची काळजी वाटली.

मुख्यालय लांब होतं. बाईंना बसस्टँडवर सोडायला मीच गेलो. वाटेत त्यांनी सुताराच्या घरी थांबायला सांगितलं. बाळाचे पाय पाहिले, आधी डावा, मग उजवा. तळवे आता जमिनीकडे बघत होते. बाई नुसत्या मान हलवून गाडीत येऊन बसल्या. लग्नाचं तेव्हा विचारता आलं असतं, पण रस्त्याला गर्दी फार होती.

स्टँडवर त्यांनी आपली पिशवी मागच्या सीटवरून उचलली. मी आरशात बघत होतो.

“भाऊ, हे दार लागत नाहीये.”

“जोरात ओढा, बाई.”

“ओढलं. लागलं का?”

“लागलं.”

“बरं, मग निघा तुम्ही. मागे बस आलीय.”

“निघतो.”